आग्फा क्लिक थ्रीच्या फोटोंवर पांढरे पट्टे आणि डाग येतात: टेप लावण्याआधी निगेटिव्ह वाचा

माळ्यावरच्या ट्रंकेतून किंवा पुण्याच्या बुधवारच्या-रविवारच्या जुन्या बाजारातून आग्फाचा क्लिक थ्री हा जुना फिल्म कॅमेरा हाती येतो. शटर टक्कन वाजतं, काच बऱ्यापैकी स्वच्छ दिसते, १२०चा रोल (पाठीला कागद असलेली रुंद फिल्म) भरला जातो. धुऊन आल्यावर बारांतल्या सात-आठ फोटोंवर पांढरा पट्टा, गोल डाग किंवा कडेने धुराचे लोट. मग बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: सगळ्या फटींवर काळी टेप मारा. पुढचा रोलही तसाच येतो.

याचं कारण साधं आहे. अशा कॅमेऱ्यात उजेड शिरण्याच्या वाटा पाच-सहा आहेत आणि बाहेरच्या टेपने त्यांतली एखाददुसरीच बंद होते. सैल गुंडाळलेला रोल टेपने घट्ट होत नाही. न मिटणारं शटर टेपने मिटत नाही. उलट टेपचा चिकटा जुन्या प्लास्टिकवर बसतो आणि काढताना छपाईची अक्षरं सोलून निघतात. उजेड कुठून आला ते निगेटिव्हवर अगदी स्पष्ट उमटलेलं असतं. ते वाचायला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन-तीन रोल वाचतात. १२०च्या रोलचा आजचा भाव बघता ही दहा मिनिटं द्यावीतच.

हे टिपण क्लिक थ्री समोर ठेवून लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या घरांत बहुधा हाच सापडतो: बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने भारतात बनवलेला, १२०च्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरच्या बारा फ्रेम घेणारा. कोडॅकचा ब्राउनी हॉकआय (१९४९ ते १९६१), आग्फाचे जर्मन क्लिक किंवा मागे फ्रेमचा अंक बघायची लाल खिडकी असलेला प्लास्टिकचा वा बेकलाइटचा कुठलाही साधा कॅमेरा असेल, तरी तपासणी हीच. हॉकआयचं स्पूल (फिल्म गुंडाळायची फिरकी) वेगळं असतं, त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

निगेटिव्ह कशी वाचायची

रोल धुवायला देतानाच सांगा की निगेटिव्ह परत हवी आणि शक्यतो न कापता हवी. नुसत्या स्कॅनवर निदान होत नाही. स्कॅन करताना फ्रेमच्या बाहेरची कोरी पट्टी कापली जाते, आणि आपल्याला नेमकी तीच पट्टी बघायची असते.

मोबाइलवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, प्रखरता पूर्ण वाढवा आणि त्यावर निगेटिव्ह धरा. डोळा जवळ न्यायला हवा, शक्य असेल तर भिंग घ्या. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं हे लक्षात ठेवा: फोटोत पांढरं दिसतं ते इथे काळं दिसेल.

पहिला प्रश्न हा: काळा डाग फ्रेमच्या चौकटीत थांबतो, की बाहेरच्या कोऱ्या पट्टीवरही जातो?

कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या पुढे एक चौकोनी चौकट असते. लेन्सच्या बाजूने जो उजेड येतो तो या चौकटीतूनच फिल्मपर्यंत पोचतो. म्हणून समोरून आलेला उजेड, मग तो शटरमधून येवो, लेन्सच्या बैठकीतून येवो किंवा पुढच्या भागाच्या तड्यातून येवो, फ्रेमच्या कडेला धारदार रेषेत तुटतो. डाग फ्रेमच्या बाहेर पट्टीवर गेला असेल तर उजेड चौकटीतून आलेला नाही. तो मागच्या झाकणाच्या फटीतून, लाल खिडकीतून किंवा रोल भरताना-काढताना लागला आहे. निम्मं निदान इथेच होतं.

दुसरी युक्ती जागा शोधण्याची. लेन्स चित्र खाली-वर आणि डावं-उजवं दोन्ही उलटवते. फोटोत वर दिसणारा डाग कॅमेऱ्यात खाली पडलेला असतो आणि फोटोत डावीकडचा डाग कॅमेरा हातात धरल्यावर उजवीकडे. हे डोक्यात फिरवत बसण्यापेक्षा निगेटिव्हच रिकाम्या कॅमेऱ्यात परत ठेवा. मंद, चमक नसलेली बाजू लेन्सकडे, चकचकीत बाजू तुमच्याकडे, चित्र उलटं. आता डाग जिथे दिसतो, तिथेच उजेड पडला होता. डाग पट्टीवरही गेलेला असेल तर फट त्याच बाजूला, त्याच्या अगदी जवळ शोधा. डाग फ्रेमच्या आतच असेल तर उजेड पोकळीतून सरळ रेषेत आला आहे, म्हणून भोक बहुतेकदा समोरच्या अंगाला, विरुद्ध कोपऱ्यात मिळतं. या एका फरकाकडे दुर्लक्ष झालं की नको त्या बाजूला टेप लागते.

आता डागांचे प्रकार.

दोन्ही कडांनी आत शिरलेले, ज्वाळेसारखे लोट, आणि तेही ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा: हा सैल रोल. स्पूलच्या चकती आणि कागदाच्या कडेमधून उजेड आत झिरपतो आणि गुंडाळीच्या प्रत्येक वेढ्यावर एकदा उमटतो. बाहेरच्या वेढ्यांवर हे अंतर साधारण सात सेंटिमीटर असतं, आत जाताना कमी होतं. लोट कुठे गडद आहेत तेही बघा. अकराव्या-बाराव्या फ्रेमकडे गडद असतील तर रोल काढल्यानंतर उजेड लागला, कारण संपलेल्या रोलमध्ये शेवटची फ्रेम सर्वांत बाहेर असते. पहिल्या फ्रेमकडे गडद असतील तर भरताना लागला.

फ्रेमच्या मधोमध किंवा त्याच्या आसपास मऊ कडांचा गोल, कधी त्यात अंकाची पुसट खूण: लाल खिडकी. तो प्रत्येक फ्रेमवर सारखा नसतो. जी फ्रेम दोन दिवस टेबलावर किंवा गाडीत उन्हात पडून होती, तिच्यावर जास्त गडद.

एका कडेकडून निघून पट्टी ओलांडून फ्रेममध्ये गेलेला, बाहेर गडद आणि आत फिकट होत जाणारा पट्टा: मागच्या झाकणाची फट.

फ्रेमच्या आतच, प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका किंवा तिरपी रेघ: पुढच्या भागात भोक किंवा तडा.

तेजस्वी वस्तूंच्या, म्हणजे आकाश, दिवा, पांढरा सदरा यांच्या शेपट्या किंवा दुसरं भुतासारखं चित्र: शटर पूर्ण मिटत नाही. लेन्समधून आलेला उजेड नुसता डाग पाडत नाही, चित्र पाडतो. त्यामुळे हा प्रकार ओळखायला सर्वांत सोपा.

पूर्ण फोटो धुकट, पण कोरी पट्टी स्वच्छ: कॅमेऱ्यात उजेड शिरत नाही, लेन्सवर बुरशी किंवा तेलकट थर आहे. पूर्ण फोटो धुकट आणि पट्टीही करडी: फिल्म मुदत संपलेली आहे, उन्हात तापलेली आहे किंवा धुण्यात काही चुकलं आहे. या दोन्ही बाबतींत कॅमेऱ्याच्या फटी बुजवून काहीही होणार नाही.

संपूर्ण रोलभर, आकाशात, अंक आणि ठिपके छापल्यासारखे दिसत असतील आणि तेही एकापेक्षा जास्त ओळींतले, तर ती खिडकी नव्हे. १२०च्या कागदावर अंकांच्या तीन ओळी असतात: ६ बाय ४.५च्या १६ फ्रेमसाठी, ६ बाय ६च्या १२ फ्रेमसाठी आणि ६ बाय ९च्या ८ फ्रेमसाठी. खिडकीतून फक्त मधली ओळ दिसते. बाकीच्या ओळीही उमटल्या म्हणजे दमट आणि गरम जागी पडून कागदाच्या शाईचा परिणाम फिल्मवर झाला आहे. पावसाळ्यात रोल कपाटात उघडा ठेवला की हे होऊ शकतं.

झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती स्थिर विजेची ठिणगी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत रोल भरभर फिरवल्याने होते. हळू फिरवा, एवढंच.

आणि एक गोष्ट जी गळती नाहीच: जास्त उजेडाचा फोटो. या कॅमेऱ्यांचं शटर साधारण १/३० सेकंदाच्या आसपास चालतं. लेन्सचं छिद्र एफ-११ धरलं तर भर उन्हात १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची संवेदनशीलता) फिल्मला सुमारे अडीच स्टॉप जास्त उजेड मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), ४०० आयएसओला साडेचार. दुपारी पर्वतीच्या पायऱ्यांवर ४००ची फिल्म घातलेली असेल तर निगेटिव्ह काळीकुट्ट येईल आणि फोटो पांढुरका. कोरी पट्टी स्वच्छ असेल तर उजेड गळत नाही, फिल्म चुकीची निवडली आहे. फोमापॅन १०० किंवा इल्फर्ड एफपी४ प्लस (१२५) घ्या. ४००च्या फिल्मवर बारीक गळतीही चौपट दिसते, म्हणून निदान होईपर्यंत ती टाळलेलीच बरी.

खात्री करण्यासाठी एक रोल

निगेटिव्हवरून नक्की कळत नसेल तर टॉर्चने बघा. रात्री खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दिवा बंद करून पाच मिनिटं बसा, म्हणजे डोळे सरावतील. सायकलच्या दिव्यासारखा छोटा एलईडी पेटवून रिकाम्या कॅमेऱ्यात ठेवा, झाकण लावा, लाल खिडकी बोटाने झाका आणि कॅमेरा सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. झाकण दोन बोटांनी हलकं दाबा, पिळा. न दाबता बंद दिसणारी फट दाबल्यावर उघडते, आणि कॅमेरा वापरताना हात नेमका तिथेच दाब देत असतो.

टॉर्चने सगळं दिसत नाही. खोबणीतून वळणं घेत येणारा उजेड डोळ्याला फिका, पण तासभर उन्हात पडलेल्या फिल्मला पुरेसा असतो. म्हणून ज्यांना हा कॅमेरा खरंच वापरायचा आहे, त्यांनी एक स्वस्त १०० आयएसओचा रोल तपासणीसाठी खर्च करावा. बारा फ्रेम अशा वाटून घ्या.

रोल अंधारात किंवा जाड पांघरुणाखाली भरा. लेन्सवर काळ्या टेपचे दोन थर लावा. पहिल्या आठ फ्रेमना शटर दाबायचंच नाही. १ नंबरची फ्रेम सावलीत दहा मिनिटं ठेवा, ती तुलनेसाठी. २ नंबरला खिडकीवर टेप लावून कॅमेऱ्याची पाठ दोन मिनिटं उन्हात. ३ नंबरला खिडकी उघडी ठेवून पाठ दोन मिनिटं उन्हात. ४, ५, ६, ७ नंबरला अनुक्रमे उजवी, डावी, वरची आणि खालची बाजू उन्हाकडे, प्रत्येकी दोन मिनिटं, खिडकी झाकलेली. ८ नंबरला लेन्सवर टेप ठेवून समोरची बाजू उन्हात. ९ नंबरला लेन्सवरची टेप काढा, कॅमेऱ्याचं तोंड उघड्या आकाशाकडे करा, सूर्य थेट समोर नको, आणि शटर न दाबता अर्धा मिनिट थांबा. १०, ११ आणि १२ नंबरला नेहमीसारखे फोटो: सूर्य पाठीमागे, सूर्य समोर आणि सावलीत.

दर वेळी पुढची फ्रेम सावलीत फिरवा आणि खिडकी फक्त अंक बघण्यापुरती उघडा. वहीत लिहून ठेवा, कारण धुऊन येईपर्यंत विसर पडतो. रोल काढताना पुन्हा पांघरुणाखाली. एक लक्षात असू द्या: उन्हाच्या वेळी चौकटीत असलेल्या फ्रेमशिवाय स्पूलवर असलेल्या भागालाही उजेड लागू शकतो, म्हणून डाग शेजारच्या फ्रेमवर मिळाला तर गोंधळू नका. निगेटिव्ह कॅमेऱ्यात ठेवून तो भाग तेव्हा कुठे होता ते मोजा.

घरी डार्करूम असणारे फिल्मऐवजी फोटो-कागदाचे ६ सेंटिमीटरचे तुकडे चौकटीवर लावून हीच तपासणी करतात आणि स्वस्तात पडते. पण कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून लाल खिडकीचा दोष कागदावर कधीच सापडणार नाही. खिडकीसाठी फिल्मच हवी.

सैल रोल

सर्वांत जास्त वेळा हाच दोष निघतो, आणि कॅमेऱ्याच्या अंगावर त्याची काहीच खूण नसते. नव्या कॅमेऱ्यात भरलेल्या स्पूलला पत्र्याची चपटी स्प्रिंग दाबून धरते, म्हणून फिल्म ताणलेली राहते आणि दुसऱ्या स्पूलवर घट्ट गुंडाळली जाते. इतक्या वर्षांत ही स्प्रिंग चपटी होते किंवा हरवते. मग भरलेलं स्पूल मोकळं फिरतं, गुंडाळी फुगते आणि कागदाची कड चकतीपासून सुटते.

स्प्रिंग शाबूत असेल तर बारीक पक्कडीने दीड-दोन मिलिमीटर बाहेर वाकवा. एकदम नको, जुना पत्रा मोडतो. नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड, गुळगुळीत कागद घ्या, ३ बाय दीड सेंटिमीटरचा तुकडा कापा, मधोमध दुमडून इंग्रजी व्ही अक्षरासारखा करा आणि भरलेल्या स्पूलच्या मागे असा ठेवा की तो गुंडाळीला मऊपणे दाबेल. फोम चालतो, पण जुना फोम भुगा होऊन फिल्मवर बसतो, म्हणून कागद बरा. फिल्म पुढे नेणारी घुंडी फिरवताना सौम्य, एकसारखा विरोध जाणवायला हवा. जोर लावावा लागत असेल तर दाब जास्त आहे, कागद फाटेल.

भरताना: रोल सावलीत, स्वतःच्या अंगाच्या आडोशाला भरा. चिकटपट्टी सोडल्यापासून झाकण लागेपर्यंत अंगठा गुंडाळीवरून उचलू नका. रिकाम्या स्पूलच्या फटीत कागदाचं टोक सरळ घाला. ते तिरकं गेलं तर पुढची सगळी गुंडाळी एका चकतीवर चढते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. फक्त एकाच कडेने लोट दिसत असतील तर कारण बहुधा हेच.

काढताना: बारा फोटो झाल्यावर कागद पूर्ण संपेपर्यंत फिरवा, मग आणखी दोन-तीन वेढे. झाकण अंधारात उघडा. रोल सैल वाटला तर चकत्यांना धरून कागद ओढून घट्ट करू नका, त्याने फिल्मवर रेघा उठतात. चिकटपट्टी ओली करून लावा, वर रबर बँड, आणि अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून डबीत. लॅबपर्यंत शर्टच्या खिशात न्यायचा नाही.

लाल खिडकी

लाल खिडकी आली तेव्हाच्या बहुतेक फिल्मना लाल रंग दिसत नसे. लाल काचेतून आलेला उजेड त्यांना अंधारच होता. पुढे सगळे रंग पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाल्या. कोडॅकने व्हेरिक्रोम ही फिल्मसुद्धा १९५६ साली पॅन केली. आजची जवळपास प्रत्येक साधी फिल्म लाल उजेड पाहते, आणि तिचं संरक्षण करायला फक्त मागचा कागद उरतो. वरून खिडकीचं सेल्युलॉइड फिकं होऊन नारिंगी झालेलं असतं.

अनेक जण लाल जिलेटिनचे दोन थर लावतात. त्याने थोडा फरक पडतो, पण मूळ दोष जात नाही, कारण फिल्मला लाल दिसतंच. खरा उपाय म्हणजे झाकण. काळ्या विजेच्या टेपचा ४ सेंटिमीटरचा तुकडा, त्याच्या चिकट बाजूवर दीड सेंटिमीटरचा दुसरा तुकडा उलटा चिकटवा म्हणजे खिडकीसमोर चिकट भाग येत नाही, आणि एक टोक दुमडून धरायला शेपूट ठेवा. तापकीर गल्लीत मिळणारी साधी टेप पुरते. फ्रेम पुढे न्यायची तेव्हाच, सावलीत, उघडायची. अंक दिसला की लगेच बंद.

एक वाट मात्र या झाकणानेही पूर्ण बंद होत नाही. खिडकी आणि कागद यांच्यात पोकळी असते. अंक बघताना आलेला उजेड या पोकळीतून आडवा पसरतो आणि कागदाच्या कडेपर्यंत जातो. झाकणाच्या आतल्या बाजूने, खिडकीभोवती पातळ काळ्या फेल्टची कडी लावा: जाडी १ मिलिमीटर, आतलं भोक खिडकीएवढं, बाहेरचा व्यास त्यापेक्षा ८ मिलिमीटर जास्त. ती कागदाला नुसती टेकली पाहिजे. फेल्ट तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत हस्तकलेच्या दुकानात मिळतं. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल, थेंबभर. लावण्याआधी फेल्टवर टेप आपटून सुटे तंतू काढून घ्या.

झाकणाची फट

या कॅमेऱ्यांत फोमची पट्टी नसते. झाकणाची कड अंगाच्या खोबणीत बसते आणि उजेडाला दोन वळणं घ्यायला लावते, एवढीच योजना. पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं तापलेलं प्लास्टिक किंचित वाकतं आणि कड खोबणीत पूर्ण बसत नाही. तापवून सरळ करायला जाऊ नका, हमखास बिघडतं.

खोबण आधी टूथपिक आणि सुक्या ब्रशने साफ करा, बऱ्याचदा नुसती धूळ आणि जुन्या टेपचा चिकटाच झाकणाला वर उचलून धरत असतो. मग काळ्या लोकरीचा एक ते दीड मिलिमीटर जाडीचा धागा खोबणीच्या तळाशी ठेवा, दर तीन-चार सेंटिमीटरवर फेव्हिकॉलचा ठिपका. कोपऱ्यात धागा ओढून ताणू नका, तिथेच तो उचलला जातो. झाकण लावल्यावर कडी पूर्वीसारखी अडकली पाहिजे. अडकत नसेल तर धाग्याचा एक पदर कमी करा. जबरदस्ती केली तर कडीचा दात तुटतो आणि तो पुन्हा मिळत नाही.

सुपरग्लू वापरू नका. त्याची वाफ लेन्सवर आणि प्लास्टिकवर पांढरा थर बसवते.

तडे, शटर, लेन्स

तड्याला आतून अॅराल्डाइट: दोन्ही नळ्यांतलं समप्रमाणात घेऊन पातळ थर, चोवीस तास वाळू द्या, वर मॅट काळा अॅक्रिलिक रंग. चकचकीत रंग नको, तो आत उजेड परतवतो. फ्लॅशच्या पिनांची, रिव्हेटची भोकंही आतून याच रंगाने बंद होतात.

शटर तपासायला झाकण काढा, मागून उजेडाच्या खिडकीकडे बघा. न दाबता काहीच दिसता कामा नये. हळू दाबा, झटकन दाबा, दहा-बारा वेळा. हॉकआयवर शटर उघडं ठेवण्याची वेगळी पट्टी असते. ती वर राहिली असेल तर दाबून धरलंय तोवर शटर उघडं राहतं आणि फोटो जळतो. आधी तीच खाली आहे का बघा. पात मळाने अडखळत असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओला केलेला कापसाचा बोळा. तेल कधीही नको, कोणतंही नको. ते पातीवर पसरतं, धूळ धरतं आणि उन्हात लेन्सवर चढतं. थिनर, अॅसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतात.

लेन्सवरचा धुकट थर टॉर्च तिरपी मारल्यावर दिसतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी, जून ते सप्टेंबरच्या दमटपणात वाढलेली. पुढची आणि मागची दोन्ही अंगं पुसावी लागतात, म्हणून शटर उघडं धरून आतूनही पोचा. भिंग काचेचं आहे की प्लास्टिकचं याची खात्री नसेल तर अल्कोहोल बाजूला ठेवा, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब पुरतो.

हॉकआय वापरणाऱ्यांसाठी

हॉकआय ६२०च्या स्पूलसाठी बनवला आहे. फिल्म आणि कागदाची रुंदी १२०चीच, पण स्पूलचा दांडा बारीक आणि चकत्या लहान. कोडॅकने ६२० रोल १९९५ साली बंद केला. बऱ्याच हॉकआयमध्ये भरलेलं १२०चं स्पूल खाली बसतं, पण वरचं, गुंडाळून घेणारं स्पूल ६२०चंच लागतं. कॅमेऱ्यात जुनं ६२०चं स्पूल असेल तर ते लॅबकडून आठवणीने परत घ्या.

१२०च्या चकत्या नेलकटरने छाटून बसवण्याची युक्ती सर्रास वापरली जाते, आणि कडेने लोट येण्याचं ते या कॅमेऱ्यातलं पहिलं कारण आहे. हाताने छाटलेली चकती गोल राहत नाही, जिथे खाच पडते तिथून कागदाची कड उघडी पडते. त्यापेक्षा अंधारात रोल ६२०च्या स्पूलवर गुंडाळून घ्या. त्यासाठी ६२०ची दोन स्पूलं लागतात. आधी १२०वरून पहिल्या ६२०वर, मग त्यावरून दुसऱ्यावर, म्हणजे सुरुवातीचं टोक पुन्हा बाहेर येतं. फिल्म कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाला टेपने चिकटवलेली असते. दुसऱ्या फेरीत त्या टोकापाशी येताच फिल्मला फुगवटा आलेला बोटांना कळतो, कारण फिल्म आणि कागद यांची गुंडाळी थोडी मागेपुढे झालेली असते. फुगवटा दाबून पुढे जाऊ नका. टेप हलकेच सोडवा, फिल्म सपाट करा, पुन्हा चिकटवा आणि उरलेला कागद गुंडाळा. पहिल्यांदा हे उजेडात, वाया गेलेल्या रोलवर तीन-चार वेळा करून बोटांना सवय लावा. वेग कमी ठेवा. फांद्यांसारख्या विजेच्या रेषा सर्वांत जास्त इथेच पडतात.